अंगण हरवलेली अंगणवाडी

तीन ते सहा या वयातील बालक हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला घटक होय. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयोगटाचे शिक्षण मूलभूत हक्काच्या पदवीला चढले. सहा वर्षांखालील बालक मात्र मार्गदर्शक तत्त्वांच्या ओसरीवरच बसून राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव दूर करण्याचा मनोदय जाहीर केला. तीन ते आठ ही वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून मान्य झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, २०२४ साली अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात नेण्याविषयी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पाच-सहा वर्षांच्या अवधीत एवढी हालचाल या क्षेत्राने यापूर्वी क्वचितच पाहिली असेल.

या सर्व कागदपत्रांत खेळाचा महिमा मुक्तकंठाने गायिलेला आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नेमू नये, असे आराखडा स्पष्ट सांगतो. तेव्हा धोरणकर्त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती व्यवस्थेच्या स्वभावाविषयी. शाळा नावाच्या यंत्रणेला मूल बसलेले आवडते. ते चार वर्षांचे मूल एकदा शाळेच्या आवारात, शाळेच्या घंटेखाली आणि शाळेच्या तपासणीखाली आले, की त्याला बाकावर बसवण्याचा मोह कितपत आवरला जाईल? बालशिक्षणाला ‘शिक्षण’ म्हणून मान्यता मिळण्याची किंमत जर अंगण गमावणे ही असेल, तर तो सौदा बालकाच्या दृष्टीने तोट्याचा ठरेल. म्हणूनच ही नवी मांडणी हाडी रुजण्यापूर्वी अंगणाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेणे अगत्याचे आहे.

शब्दामागचा विचार

‘अंगणवाडी’ हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी दप्तरांत रूढ आहे. त्याचा जन्म मात्र महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचा अनुभव घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, परंतु हरिजन वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या दारी जावे, असा साधा परंतु क्रांतिकारक निर्णय या दोघींनी घेतला. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात वर्ग भरू लागला. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखण्यासाठी रानात जाणाऱ्या मुलांसाठी तेथे ‘कुरणशाळा’ ही कल्पना पुढे आली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जावयाचे आणि झाडाखाली जे हाताशी लागेल त्यातून शिकवावयाचे. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या तत्त्वांचा ताराबाईंवर गाढ प्रभाव होता. पण माँटेसरीची महागडी लाकडी साधने या पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने आणि माती आली. साधने स्वस्त झाली एवढाच याचा अर्थ नव्हे. मुलाच्या परिसरालाच शैक्षणिक साधनाची प्रतिष्ठा मिळाली, हे त्यातील मर्म होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्प क्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. नाव पोहोचले, त्यामागील विचार वाटेत कोठे तरी गळून पडला. शहरांतील दाट वस्त्यांत एखाद्या भाड्याच्या खोलीत, आहाराची पोती, वजनकाटा आणि नोंदवह्या यांच्या गर्दीत वीस-पंचवीस मुले मांडी घालून बसलेली दिसतात. इमारतीच्या शासकीय निकषांत ६०० चौरस फुटांचे बांधकाम आणि आत-बाहेर खेळण्यास जागा असा उल्लेख आहे खरा. पण बांधकाम मोजून घेतले जाते, खेळण्याच्या जागेचा हिशेब कोणी मागत नाही.

मनगट आधी, अक्षर नंतर

मोकळ्या जागेचा हा आग्रह केवळ रम्य बालपणाच्या स्मरणातून आलेला असता, तर त्याची गंभीर दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यास शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. मुलाच्या शरीरावरील ताबा मध्याकडून टोकांकडे वाढत जातो. प्रथम मान आणि धड स्थिरावते, मग खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची नाजूक हालचाल साधते. मनगटात आठ लहान हाडे असतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांपैकी दोन-तीनच कठीण झालेली असतात. उरलेली बहुतेक सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू घडत जातात. अशा हातात पेन्सिल देऊन दोन ओळींच्या मधोमध ‘क’ काढावयास लावणे म्हणजे पाया भरण्यापूर्वी कळस चढवणे होय. झाडाच्या खालच्या फांदीला लोंबकळणे, ओली माती मळणे, पाण्याची छोटी बादली उचलून नेणे, दोरी ओढणे ही खऱ्या अर्थाने सुलेखनाची पूर्वतयारी आहे.

नॉर्वेमधील संशोधिका इंगुन फ्योर्टॉफ्ट यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. टेलेमार्क भागातील पाच ते सात वर्षांच्या मुलांचा एक गट सुमारे नऊ महिने नियमितपणे लगतच्या रानात खेळला. तुलनेसाठी घेतलेला दुसरा गट शाळेच्या नेहमीच्या क्रीडांगणावर खेळत राहिला. चढउतार, खडक, मुळ्या आणि झुडपे यांच्या सहवासात वाढलेल्या पहिल्या गटाची प्रगती तोल आणि शरीराचा समन्वय यांबाबत विशेष दिसून आली. मुले थोडी होती आणि गट सोडतीने पाडलेले नव्हते, ही या अभ्यासाची मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु त्याचे कारण समजावयास अवघड नाही. सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल सारखेच पडते. उंचसखल जमिनीवर प्रत्येक पावलागणिक मेंदूला नवा हिशेब करावा लागतो, आणि तोच त्याचा व्यायाम असतो.

मोठ्या प्रमाणावर व काटेकोरपणे झालेला दुसरा प्रयोग चीनमधील ग्वांगझौ शहराचा. तेथे १२ शाळांतील पहिलीच्या मुलांपैकी निम्म्या शाळांना दररोज ४० मिनिटांचा अधिक वर्ग मोकळ्या हवेत घेण्यास सांगितले गेले. तीन वर्षांनी या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा विकार जडलेला आढळला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ उजेडात घालवलेल्या चाळीस मिनिटांचा हा परिणाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटांची शारीरिक हालचाल सांगितली असून, त्यांपैकी ६० मिनिटे तरी दमवणाऱ्या खेळाची असावीत, असे म्हटले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत हे कसे साधावे, याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमाकडे नाही.

‘कच्चे लिंबू’ आणि लोकशाही

शरीराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न सामाजिक वाढीचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ सालीच लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. मूल प्रथम एकटे खेळते, मग इतरांचे पाहत राहते, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापले खेळते आणि त्यानंतरच कोठे एकत्र, कामे वाटून घेऊन खेळू लागते. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास त्याला गरज असते ती समवयस्कांची, वेळेची आणि ज्यासाठी दोघांनी मिळून खटपट करावी अशा वस्तूची. वाळूचा ढीग, पाण्याचा पाट, एकट्याला न उचलणारी फळी या गोष्टी सहकार्य शिकवतात. कारण सहकार्याखेरीज तेथे काम पुढे सरकत नाही. बाकावर बसलेल्या मुलांचा संबंध शिक्षकाशी असतो. अंगणातल्या मुलांचा संबंध एकमेकांशी येतो.

मराठी मुलांच्या खेळांत या सामाजिक शहाणपणाची एक सुंदर खूण आहे. शिवणापाणी असो वा लपंडाव, मोठ्यांच्या खेळात सामील होऊ पाहणाऱ्या धाकट्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेण्याची प्रथा घरोघरी परिचित आहे. ते पळते, ओरडते, पकडले जाते. पण त्याच्यावर राज्य येत नाही. जो अजून नियम पाळण्याइतका मोठा झालेला नाही, त्याला खेळाबाहेर न काढता सवलत देऊन आत घ्यावयाचे, आणि सवलत घेणाऱ्याने पुढे योग्य वेळी ती आपण होऊन सोडावयाची, हा न्याय कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाच वर्षांच्या मुलाला शिकवता येणार नाही. वयाप्रमाणे तुकड्या पाडणाऱ्या वर्गात ‘कच्च्या लिंबा’ला स्थान नसते. तेथे असतात ते फक्त पुढे गेलेले आणि मागे पडलेले.

यात धोका नाही काय? आहे, आणि थोडा धोका असणे हेच त्याचे मोल आहे. नॉर्वेच्याच एलन सँडसेटर यांनी उंची, वेग, झोंबाझोंबी, नजरेआड होणे अशा सहा प्रकारच्या धाडसी खेळांची वर्गवारी करून, भीतीवर ताबा मिळवण्यासाठी मुलांना हे अनुभव कसे आवश्यक असतात, याची मांडणी केली आहे. गुडघा फुटणे आणि जिवावर बेतणे यांतील अंतर ओळखण्यास मुलाने केव्हा तरी शिकले पाहिजे. उघडी विहीर, रस्त्यावरची वाहने, भटकी कुत्री यांपासून त्याचे रक्षण करणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. पण फांदीवर किती वर चढावे याचा अदमास ज्याला कधी घेऊच दिला नाही, ते मूल सुरक्षित नव्हे, फक्त अननुभवी राहते.

बाक का जिंकतो?

मोकळ्या जागेचे लाभ जर इतके उघड आहेत, तर सर्वत्र विजय बाकाचाच का होतो? याचे उत्तर शिक्षणशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात शोधावे लागेल. जे मोजता येते त्यावर खर्च करणे प्रत्येक व्यवस्थेला सोयीचे असते. भिंती मोजता येतात, बाक मोजता येतात, भरलेल्या वह्या तपासता येतात. चार वर्षांच्या मुलाने इंग्रजी वर्णमाला म्हणून दाखवली की पालकाला भरलेल्या शुल्काचा मोबदला हाती पडल्यासारखा वाटतो. तेच मूल आज भांडण न करता झोपाळ्यावरचा पाळीचा क्रम पाळू लागले, हा लाभ कोणत्याही प्रगतिपुस्तकात उमटत नाही. ज्या मालाची प्रत ग्राहकाला पारखता येत नाही, त्या मालाच्या बाजारात दिखाऊ वस्तू टिकाऊ वस्तूला हुसकून लावते. बालशिक्षणाचा बाजार याला अपवाद नाही.

त्यात भर पडते ती स्पर्धेची. शेजाऱ्याचे मूल साडेतीन वर्षांचे असताना शंभरपर्यंत अंक म्हणते, म्हणून आपलेही म्हटले पाहिजे, असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. सभागृहात पुढच्या रांगेतील प्रेक्षक उभे राहिले की मागच्यांनाही उभे राहावे लागते. शेवटी सगळे उभे असतात आणि कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही. प्रवेशासाठी बालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. तरीही पहिलीत येणाऱ्या मुलाला वाचता-लिहिता यावे अशी अपेक्षा अनेक शाळा अप्रत्यक्षपणे ठेवतात आणि तिचा भार शिशुवर्गावर येऊन पडतो. एकट्या पालकाने ठरवून ही शर्यत थांबणार नाही. तिचे नियम बदलण्याची जबाबदारी शाळांची आणि शासनाची आहे.

या शर्यतीतून पदरी काय पडते, याचा पुरावाही तपासून पाहावा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात यप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर प्रसिद्ध पेरी प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना उत्तम बालशाळा लाभली. त्यांच्या बुद्ध्यंकात झालेली वाढ काही वर्षांतच ओसरली. तरीही चाळिशीत त्यांची कमाई अधिक आणि गुन्हेगारी कमी आढळली. २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खर्चावरील सामाजिक परतावा वर्षाला ७ ते १० टक्के असल्याचा हिशेब मांडला. पेरी ही काही रानातली शाळा नव्हती. परंतु टिकून राहिलेले भांडवल हे पाठांतराचे नव्हते. आपल्या कामाची आखणी करणे, ते तडीस नेणे, रागाला आवर घालणे आणि इतरांशी जुळवून घेणे या सवयींचे होते, हे त्यातून दिसून आले.

याची दुसरी बाजू टेनेसी राज्याने दाखवली. तेथील शासकीय बालवर्गांत सोडतीने प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मिळून सुमारे तीन हजार मुले अभ्यासली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बालवर्गात गेलेली मुले आरंभी पुढे होती. पण सहावीपर्यंत ती परीक्षांत मागे पडली आणि त्यांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारीही अधिक निघाल्या. याची कारणे अनेक असू शकतील. तथापि लहान मुलांना शाळेत लवकर आणले म्हणजे आपोआप कल्याण होते, या समजाला त्याने जोरदार धक्का दिला. तेथे मुलांना काय करावयास मिळते, यावर सर्व अवलंबून असते.

खरी टंचाई माणसाची

आता खर्चाचा विचार. मोकळी जागा, माती, पाणी, झाडाची सावली ही साधने गावाकडे तरी अजून जवळजवळ फुकट आहेत. महाग आहे ते माणसाचे लक्ष. वीस मुलांना खोलीत बसवून एक सेविका सांभाळू शकते. त्याच वीस मुलांना अंगणात मोकळे सोडायचे तर जाणती नजर आणि आणखी दोन हात लागतात. अंगणवाडीतील सेविकेवर पोषण, लसीकरण, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि भ्रमणध्वनीवरील नोंदी यांचा बोजा आहे. अशा स्थितीत मुले बसलेली असणे हा तिचा आळस नव्हे, तो तिचा नाइलाज आहे. तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या केंद्रांना बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देण्यात आली. शिक्षणास मिळणारा वेळ दुपटीने वाढला, दीड वर्षात मुलांची भाषेतील व गणितातील प्रगती स्पष्ट दिसली आणि कुपोषणही घटले. हा प्रयोग मैदानी शिक्षणाचा नव्हता. पण अडचण पैशांच्या कोणत्या रकान्यात आहे, हे त्याने नेमके दाखवून दिले.

शासनाचे लक्ष मात्र दुसऱ्याच रकान्याकडे अधिक वळलेले दिसते. ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेखाली दोन लाख केंद्रांच्या सुधारणेचे उद्दिष्ट आहे. तिच्या यादीत भिंतीवरचा एलईडी पडदा आहे, इंटरनेट आहे आणि पोषण वाटिकाही आहे. ही वाटिका, म्हणजे परसबाग, मुलांच्या हाती खुरपे देऊन त्यांची शाळा बनू शकते. परंतु उद्घाटनाच्या छायाचित्रात वाटिकेपेक्षा पडदा शोभून दिसतो, हे उघड आहे. दुसरीकडे, २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन ४,५०० रुपये केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मानधनवाढीसाठी दीर्घ संपावर जावे लागले. देशाचा पाया घडवण्याचे काम जिच्याकडे सोपवले, तिच्या श्रमाला ‘वेतन’ म्हणण्याचीही तयारी नाही, मग तिने मुलांमागे अंगणभर धावावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

काही आक्षेप

या विचारावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो. ज्याच्या तीन पिढ्या मातीत राबल्या, त्याला आपल्या मुलाने पुन्हा मातीत खेळावे असे का वाटावे? अक्षर ही त्याच्या दृष्टीने वर चढण्याची शिडी आहे. सुस्थितीतील मंडळींनी त्याला निसर्गाचे माहात्म्य सांगणे त्याला साळसूदपणाचे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. या आक्षेपाला कोसबाडने कृतीनेच उत्तर दिले होते. तेथे अक्षर नाकारलेले नव्हते, त्याची वाट अंगणातून काढलेली होती. चिंचोके मोजताना संख्या येते, पानांची वर्गवारी करताना तर्क येतो, पाहिलेल्या मुंगळ्याचे वर्णन करताना भाषा येते. ज्याला सांगण्यासारखे काही आहे, त्यालाच लिहिण्याची ओढ लागते.

दुसरा आक्षेप हवामानाचा. नॉर्वेचा धडा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि कोकणच्या पावसाळ्यात कसा गिरवावा? तो जसाच्या तसा गिरवू नयेच. येथे सकाळची वेळ आहे, वडा-पिंपळाचा पार आहे, चहूबाजूंनी मोकळी पण वर छप्पर असलेली पडवी आहे. एप्रिल-मे महिन्यांतले ऊन टाळावयाचे म्हणून जून ते मार्च मुलांना कोंडण्याचे कारण नाही. मोठ्या शहरांत दूषित हवेचे दिवस वाढत आहेत, ही चिंता खरी आहे. पण तिचा उपाय हवा स्वच्छ करणे हा होय. मार्च २०२० नंतरच्या महासाथीत बंद खोल्यांपेक्षा मोकळी हवा सुरक्षित असल्याचे कळून आल्यावरही अंगणात वर्ग भरवण्याचा विचार फारच थोड्यांना सुचला. कल्पनाशक्तीची ही टंचाई हवामानाने आलेली नव्हती.

काय करता येईल?

अंगणवाड्या शाळांच्या आवारात जाणारच असतील, तर प्रत्येक ठिकाणी लहानांसाठी स्वतंत्र, कुंपण घातलेले व सावलीचे अंगण असल्याखेरीज स्थलांतर करू नये, असा दंडक हवा. शाळेला मैदान असलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही मैदान आहे. तीच अट खाजगी शिशुवर्गांना त्यांच्या आवाक्यातील स्वरूपात लागू करावी. ज्या शहरी वस्तीत अंगण मिळणे अशक्य आहे, तेथे महापालिकेच्या उद्यानांचा सकाळचा एखादा तास अंगणवाड्यांसाठी राखून ठेवता येईल. अनेक शहरांत ही उद्याने फिरायला येणारे घरी परतल्यावर कुलूपबंद असतात. सेविकेच्या जोडीला अर्धवेळ शिक्षणसेविका देणे, प्रशिक्षणात गाणी-तक्त्यांइतकेच मैदानातील निरीक्षणाला स्थान देणे आणि तपासणीच्या नमुन्यात ‘मुले आज किती वेळ बाहेर होती’ असा एक रकाना घालणे, यासाठी नवा आयोग नेमण्याची आवश्यकता नाही. व्यवस्था जे मोजते तेच करते. तेव्हा निदान ते तरी तिला मोजावयास लावावे.

प्राथमिक शिक्षकांवरही एक जबाबदारी येते. पहिलीच्या वर्गात आलेल्या मुलाला लिहिता येत नाही म्हणून नाक मुरडण्याऐवजी त्याला रांगेत थांबता येते काय, दुसऱ्याचे ऐकून घेता येते काय, पडल्यावर उठून पुन्हा धावता येते काय, हे त्यांनी आधी पाहावे. त्यांनी अपेक्षा बदलल्या, तर शिशुवर्ग बदलतील आणि पालकांची धास्तीही ओसरू लागेल.

मार्गारेट मॅकमिलन यांनी आपल्या भगिनीसह १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्ड भागात उघड्या हवेतील बालशाळा काढली, ती अंधाऱ्या चाळींतून वाढणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी. बोर्डी-कोसबाडचे अंगण पाड्यांवरील आदिवासी मुलांसाठी होते. मोकळ्या अंगणातील शिक्षण हे जन्मतः गरिबांचे शिक्षण आहे. आज मात्र मोठ्या शहरांच्या वेशीवर भरमसाट शुल्क घेऊन माती, झाडे आणि कोंबडीची पिल्ले दाखवणाऱ्या शिशुशाळा निघत आहेत, आणि ज्यांच्यासाठी हा विचार जन्मला ती मुले भाड्याच्या खोलीत पडद्याकडे टक लावून बसण्याच्या मार्गावर आहेत. ही विषमता उत्पन्नाच्या कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही. ती दिसेल पंधरा-वीस वर्षांनी, तरुणांच्या शरीरात आणि त्यांच्या परस्परांशी वागण्यात. आज चार वर्षांचे असलेले मूल धोरणाची पुढची आवृत्ती निघेपर्यंत चार वर्षांचे राहणार नाही. त्याच्या वाट्याचे अंगण त्याला द्यावयाचे असेल, तर ते याच वर्षी द्यावे लागेल.